वणवा विझवणारी माणसे आणि न विझलेला वाद

देवनहळ्ळीच्या विमानतळावरून बेंगळुरूकडे निघाले की बल्लारी रस्त्यावर आधी येलहंक्याचा हवाई दलाचा तळ लागतो. २३ फेब्रुवारी २०१९ रोजी, 'एअरो इंडिया' प्रदर्शन ऐन भरात असताना, तिथल्या वाहनतळावर आग लागली. वाळलेले गवत आणि वारा यांनी ती गाड्यांच्या रांगांतून पळवली. सुमारे तीनशे मोटारी जळाल्या आणि दिवसभर सगळ्या वाहिन्यांवर तोच धूर दिसत राहिला. त्याच आठवड्यात, तिथून सव्वादोनशे किलोमीटरवर, बंडीपूरच्या व्याघ्र प्रकल्पात गोपाळस्वामी बेट्टाच्या आसपास वणवा पेटलेला होता. तो २१ तारखेला लागला आणि पाच दिवस चालला. दहा हजार एकरांहून अधिक जंगल त्यात गेले. येलहंक्यात अग्निशमनाचे बंब थेट आगीपर्यंत गेले. बंडीपुरात बंबांची धाव रस्त्याच्या कडेपर्यंत. त्यापुढे माणसे होती आणि त्यांच्या हातात हिरव्या फांद्या.

त्या हंगामानंतर कर्नाटकात, आणि पुढच्या काही वर्षांत महाराष्ट्रात व गोव्यात, वणव्याविषयी पुष्कळ बोलले गेले. बोलण्याचा रोख साधारण तीन प्रश्नांवर असतो. प्रत्येक वणवा विझवायचाच का? विझवायचा तर कशाने? आणि कोणी? योगायोग असा की या वादातल्या बऱ्याच पक्षांचे पत्ते या एकाच रस्त्याच्या आसपास सापडतात. 'बांबी बकेट' लटकवून पाणी ओतणारी हेलिकॉप्टरे ज्या हवाई दलाची, त्याचा तळ येलहंक्यात. सोलिगा आदिवासींच्या जंगलावर वर्षानुवर्षे काम करणारी 'अत्री' ही संस्था जक्कूरला. आणि भारतातली कितीतरी 'जंगले' मुळात माळराने आहेत असे म्हणणारे शास्त्रज्ञ जीकेव्हीके या कृषी विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात. देवनहळ्ळीच्या उत्तरेला नंदी, स्कंदगिरी, ब्रह्मगिरी या टेकड्या आहेत. तिथल्या गवताळ उतारांना उन्हाळ्यात ठिणगी पुरते, आणि तिथेही उतारावर आधी चढतो तो बीटचा वनरक्षक आणि त्याच्याबरोबरचे दोन-चार गावकरी.

हंगाम

महाराष्ट्राच्या वनखात्यात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरला जातो. दक्षिण कर्नाटकातल्या पानझडी जंगलात जानेवारी सरता सरता धोका सुरू होतो आणि एप्रिल-मेमधला वळीव पडला की उतरतो. काम मात्र आधीच लागते. दिवाळीनंतर गवत पिवळे पडू लागले की जाळरेषा घेतल्या जातात: रस्त्यांच्या दुतर्फा, बीटांच्या हद्दीवर, गावांच्या शिवेवर ठरलेल्या रुंदीचा पट्टा कापायचा, कापलेले वाळू द्यायचे आणि वारा पडला की तो पट्टा नजरेखाली जाळायचा. यात घाई चालत नाही आणि उशीरही. दव असेल तर गवत धुमसत बसते, आणि आठवडाभर उशीर झाला तर जाळरेषेचाच वणवा होतो. हे गणित कागदावर मांडता येत नाही. गवत मुठीत चुरगाळून ते कसे तुटते हे पाहणारा माणूस लागतो.

पथक म्हणजे काय? एक कायम नोकरीतला वनरक्षक, वर वनपाल, त्याच्यावर परिक्षेत्र अधिकारी. खाली हंगामापुरते घेतलेले मजूर, ज्यांना आता सगळीकडे 'फायर वॉचर' म्हणतात. बंडीपूर आणि कर्नाटकातल्याच बिळिगिरी रंगन बेट्ट्यात हे मजूर बहुधा सोलिगा, जेनु कुरुबा वस्त्यांतले. विदर्भात जंगलालगतच्या गावांतले, बरेचसे गोंड. शिकारविरोधी छावणीत किंवा टेहळणी मनोऱ्यापाशी त्यांचा मुक्काम असतो. तांदूळ, डाळ आणि पाण्याचे कॅन आठवड्याच्या हिशेबाने येतात. धूर दिसला की वॉकीटॉकीवर दिशा सांगायची आणि चालायला लागायचे.

आगीच्या तोंडाशी कोणी जात नाही. ती मागच्या बाजूने, जिथून जळून झाले आहे तिथून गाठायची आणि दोन्ही बगलांनी पुढे सरकत तिला निमुळती करत न्यायची. सगळ्यांत पुढे पाठीवर पेट्रोलचा ब्लोअर घेतलेला माणूस. तो पालापाचोळा आगीच्या आतल्या बाजूला उडवत जातो आणि मागे हातभर मोकळ्या मातीचा पट्टा उरतो. त्याच्यामागे फांद्यावाले. नवखा माणूस फांदी डोक्यावरून उगारून बडवतो, आणि ठिणग्या पट्ट्याच्या पलीकडे जातात. जाणता माणूस फांदी खाली आणून क्षणभर तशीच दाबून धरतो, ज्वाळेचा श्वास कोंडला की मग उचलतो. शेवटी येतात ते निखारे शोधणारे. ब्लोअरच्या आवाजात मागची हाक ऐकू येत नाही, त्यामुळे एकाने सतत वर, चढाकडे बघत राहायचे. चढावर आग धावते: दर दहा अंश चढाला वेग साधारण दुप्पट, असा ऑस्ट्रेलियन वनशास्त्रातला ढोबळ नियम आहे. पथकातल्या कोणाला तो नियम माहीत नसला तरी त्याचा अनुभव सगळ्यांना असतो.

ज्वाळा विझल्या की बाहेरच्यांना काम संपले असे वाटते. कंटाळवाणे काम तिथून पुढचे. वठलेली झाडे आतून धुराड्यासारखी जळत राहतात आणि तासा-दोन तासांनी कोसळून ठिणग्या उधळतात. पेटलेला ओंडका उतारावरून घरंगळत जाळरेषा ओलांडतो. हत्तीचे वाळलेले शेण तर वरून राख दिसते आणि आत कित्येक तास धुमसते. म्हणून विझलेल्या वणव्याच्या काठाने रात्रभर फेऱ्या मारायच्या, आणि त्याही हत्ती, अस्वल यांच्या वाटा सांभाळून. धामधुमीच्या हंगामात एवढी सवड मिळत नाही. पहिली आग पूर्ण थंड व्हायच्या आत दुसऱ्या टेकडीवर धूर दिसतो, पथक निम्मे होते, आणि सोडून आलेली आग दुपारच्या वाऱ्याला पुन्हा उठते.

मागची दीडशे वर्षे

सगळे वणवे विझवायचे हा विचार इथे इंग्रज वनाधिकाऱ्यांनी रुजवला. १८६०च्या दशकात मध्य प्रांतात, सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात, कर्नल पिअर्सन यांनी आग पूर्णपणे थोपवून धरण्याचा प्रयोग केला. दरवर्षी पेटणाऱ्या जंगलात हे होईल यावर त्यांच्या अनेक सहकाऱ्यांचाही भरवसा नव्हता. प्रयोग जमला, सागाची रोपे तगली, आणि अग्निसंरक्षण हे चांगल्या वनव्यवस्थापनाचे लक्षण ठरले. १८७८च्या आणि नंतर १९२७च्या वन कायद्याने राखीव जंगलात आग लावणे हा गुन्हा केला. लागलेली आग विझवायला मदत करणे हे जंगलातून हक्क-सवलती घेणाऱ्या गावकऱ्यांचे कायदेशीर कर्तव्य ठरले.

शंका मात्र लवकरच आल्या, आणि त्या खात्याच्या आतूनच आल्या. १८९६ साली स्लेड या वनाधिकाऱ्याने 'इंडियन फॉरेस्टर' या नियतकालिकात, ब्रह्मदेशात आगीपासून अति संरक्षण होत आहे, असे उघड लिहिले. ओलसर सागवनात आग बंद झाली की बांबू आणि झुडपांची गर्दी होते आणि सागाचे बी रुजत नाही, असा त्याचा मुद्दा होता. पूर्वेकडच्या सालवनांतही असेच अनुभव येऊ लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत ब्रह्मदेशातल्या अशा जंगलांतून संपूर्ण संरक्षणाचा आग्रह मागे घ्यावा लागला. म्हणजे आज बेंगळुरूच्या चर्चासत्रांत जो वाद नवा म्हणून मांडला जातो, तो सव्वाशे वर्षे जुना आहे. मधल्या काळात तो मिटल्यासारखा वाटला, कारण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यांत आग लावण्यास सरसकट बंदी घातली आणि चर्चेला फारशी जागा उरली नाही.

अमेरिकेचा प्रवास याच वळणाचा, फक्त अधिक टोकाचा. १९३५ पासून तिथल्या वनसेवेचे धोरण होते की कळलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आली पाहिजे. ते १९७८ मध्ये सोडून देण्यात आले, कारण न जळलेले सरपण वर्षानुवर्षे साठत गेले होते.

जाळावे की राखावे

संपूर्ण संरक्षणाच्या बाजूचा युक्तिवाद भक्कम आहे आणि तो फक्त खात्याचा नाही. भारतातले बहुतेक सगळे वणवे माणसाच्या हातून लागतात, हे केंद्रीय पर्यावरण मंत्रालय आणि जागतिक बँक यांच्या २०१८च्या संयुक्त अहवालातही नोंदले आहे. मोहाची फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, तेंदूला कोवळी पालवी फुटावी म्हणून जाळतात, नवे गवत यावे म्हणून माळ पेटवतात, राबाची आग बांध ओलांडते, कोणी खात्यावरच्या रागातून काडी टाकतो, कोणाची विडी पडते. म्हणजे आगीचे प्रमाण निसर्गाने ठरवलेले नाही. बंडीपूरला लागून असलेल्या मुदुमलाईत नरेंद्रन कोडंदपाणी, मार्क कॉक्रेन आणि रामन सुकुमार यांनी जुने आणि नवे नकाशे ताडून २००४ मध्ये दाखवले की एकाच जागी पुन्हा आग लागण्याचा काळ विसाव्या शतकाच्या आरंभी सुमारे दहा वर्षे होता, तो १९८९ ते २००२ या काळात साडेतीन वर्षांच्याही खाली आला. रोप गुडघ्याएवढे होईपर्यंत दोनदा जळत असेल तर पुढचे जंगल येणार कुठून, हा त्यांचा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही.

दुसरी बाजू सोलिगांची. बिळिगिरी रंगन बेट्ट्यात ते पूर्वी 'तरगु बेंकी' लावत: हिवाळा सरताना, पाला पुरता वाळायच्या आत, ठिगळाठिगळाने जाळलेली, पोटरीपर्यंत उंचीची सौम्य आग. तिने मोठ्या वणव्याचे सरपण आधीच संपते, कंद चांगले येतात, आवळ्याच्या झाडांवरचे बांडगूळ आटोक्यात राहते, असे ते सांगतात. १९७४ मध्ये तिथे अभयारण्य झाले, आग थांबली, आणि त्यानंतर घाणेरी माजली, हा त्यांचा ठाम निष्कर्ष आहे. टणटणी म्हणा, घाणेरी म्हणा. ती अमेरिकेतून बागेसाठी आणलेली वनस्पती आज देशातल्या वाघांच्या क्षेत्रापैकी ४० टक्क्यांहून अधिक भागाला धोका ठरू शकते, असा २०२० मधल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे.

इथे शास्त्रज्ञांची गोष्ट मोठी वाचनीय होते. अंकिला हिरेमठ आणि भरत सुंदरम यांनी २००५ मध्ये नेमके उलटे गृहीतक मांडले होते: आगीने घाणेरी वाढते, वाढलेली घाणेरी आणखी मोठी आग लावते, असे ते चक्र. पुढे त्याच जंगलातल्या भूखंडांची पुन्हा मोजणी झाली. १९९७ ते २००८ या अकरा वर्षांत घाणेरी असलेल्या भूखंडांची संख्या जवळपास दुप्पट झालेली दिसली, आणि हा काळ आगी कमी झाल्याचा होता. २०१२च्या लेखात सुंदरम, हिरेमठ आणि सहकाऱ्यांनी सोलिगांचे म्हणणे शास्त्रीय पुराव्याच्या बरोबरीने मांडले. याचा अर्थ सोलिगा बरोबर आणि मुदुमलाईचे नकाशे चूक, असा होत नाही. फेब्रुवारीच्या आरंभीची गुडघ्याखालची आग आणि एप्रिलमधली झाडाच्या शेंड्याला भिडणारी आग यांना एकाच नावाखाली मोजले की असले विरोधाभास निघणारच.

तिसरे म्हणणे अधिक मुळाशी जाते. जयश्री रत्नम, महेश शंकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ पासून सातत्याने मांडले आहे की ज्यांना आपण 'निकृष्ट पानझडी जंगल' म्हणतो त्यातला बराच भाग सव्हाना, म्हणजे विरळ झाडांचे माळरान, आहे. त्याखालचे गवत आणि जाड सालीची झाडे आगीबरोबरच उत्क्रांत झाली आहेत. मराठी वाचकाला या चर्चेतला एक धागा खास जवळचा वाटेल. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी जुन्या मराठी ओव्या, चरित्रे आणि आख्याने चाळून त्यांतल्या झाडांच्या उल्लेखांवरून दाखवले की पश्चिम महाराष्ट्राचा माळ हा तोडलेल्या जंगलाचा अवशेष नसून कित्येक शतके माळच आहे. तसे असेल तर त्या माळावरची प्रत्येक आग ही आपत्ती ठरत नाही. पण म्हणून ती दरवर्षी लावावी, असेही यातून निघत नाही, आणि हे संशोधक तसे म्हणतही नाहीत.

स्थानिक लोक म्हणजे आगीच्या बाजूचे, असाही समज नको. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. तेंदूसाठी फांद्या तोडाव्या लागतात आणि जंगल जाळावे लागते, म्हणून त्या गावाने तेंदूपत्ता तोडणेच बंद केले. तेंदू म्हणजे हातात रोख पैसा. तो सोडून बांबूवर भर देणे हा साधा निर्णय नव्हता. उत्तराखंडात अल्मोड्याजवळ शीतलाखेतच्या परिसरात गावकऱ्यांनी शेतातला काडीकचरा ३१ मार्चपूर्वी, एकमेकांना सांगून जाळण्याची रीत पाडली आणि १ एप्रिल हा 'ओण दिवस' ठरवला. इथे आग आहे, पण तिची तारीख गावाने बांधली आहे.

वाद रेंगाळण्याचे एक कारण असे दिसते की बोलणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे वेगवेगळी जंगले असतात. बंडीपूरचे धावडा-सागाचे रान, पुण्या-साताऱ्याचे गवताळ डोंगर आणि म्हादईचे ओले खोरे यांना एक नियम लागू होणे शक्य नाही. मार्च २०२३ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या म्हादई अभयारण्यात एकापाठोपाठ एक आगी लागल्या, तेव्हा अनुभवी मंडळीही चक्रावली. त्या जंगलाला आगीची सवयच नाही. काजूच्या बागा साफ करताना लागलेली आग, कोरडा गेलेला हिवाळा, मुद्दाम कोणी लावली का, अशा सगळ्या शक्यता चर्चेत आल्या. तिथे सौम्य आगीचा पुरस्कार सोलिगांपैकीही कोणी करणार नाही.

आकाशातले डोळे, आकाशातले पाणी

देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहांच्या मदतीने वणव्याच्या सूचना राज्यांना पाठवते. आधी एक किलोमीटरच्या चौकटीत आग दिसे. २०१७ पासून वापरात आलेल्या उपकरणाची चौकट ३७५ मीटरची आहे. म्हणजे साधारण १४ हेक्टरांत कुठेतरी आग आहे, एवढे कळते. वनरक्षकाच्या मोबाइलवर संदेश येतो, अक्षांश-रेखांशासह. ही सोय मोठीच आहे. पण ते उपकरण वाहणारा उपग्रह एका जागेवरून दिवसातून दोनदा जातो, दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास. दुपारी तीनला लागलेली आग त्याला मध्यरात्रीनंतर दिसते. तोवर ती एक तर विझलेली असते किंवा हाताबाहेर गेलेली. मनोऱ्यावरचा माणूस म्हणूनच अजून हटलेला नाही.

या सूचनांची बेरीज वर्तमानपत्रांत 'इतके वणवे' म्हणून छापली जाते, तिथे जपून वाचायला हवे. २०२० नोव्हेंबर ते २०२१ जून या हंगामात देशभरात ३,४५,९८९ अग्निबिंदू नोंदले गेले. २०२३-२४च्या हंगामात २,०३,५४४. घट उघड आहे. पण एकच मोठा वणवा अनेक बिंदू उमटवतो आणि झाडोऱ्याखालची छोटी आग एकही उमटवत नाही. शिवाय २०२१चा उन्हाळा आणि २०२४चा उन्हाळा सारखे नव्हते. घट पथकांच्या कामामुळे किती आणि पावसामुळे किती, हे या आकड्यांतून वेगळे काढता येत नाही. जळालेल्या क्षेत्राचेही तेच. बंडीपूरच्या २०१९च्या वणव्यात जमिनीवरून केलेले अंदाज आणि उपग्रहचित्रांवरून काढलेले आकडे जुळत नव्हते.

हेलिकॉप्टरांबद्दल लोकांच्या मनात अपेक्षा फार. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी बंडीपुरात हवाई दलाची एमआय-१७ हेलिकॉप्टरे आली; २०२३ मध्ये म्हादईत आणि २०२४ मध्ये नैनितालजवळही ती वापरली गेली. त्यांच्याखाली लटकणाऱ्या 'बांबी बकेट'मध्ये एका खेपेला सुमारे साडेतीन हजार लिटर पाणी मावते. कडेकपारीत, जिथे पायी पोचायला अर्धा दिवस लागतो, तिथे याने ज्वाळा बसतात. पण पाणी वरून पडते ते झाडोऱ्यावर. खालचा निखारा तसाच राहतो आणि कोणीतरी जाऊन तो विझवावाच लागतो. हवाई मदत हवी असे म्हणणारे आणि तो पैसा जाळरेषांवर घाला असे म्हणणारे, दोघेही एवढे मान्य करतात. वाद आहे तो हेलिकॉप्टर कधी बोलवायचे यावर: दुसऱ्या दिवशी आले तर उपयोग, पाचव्या दिवशी आले तर छायाचित्रे.

खरा फरक पाडला तो साध्या ब्लोअरने, असे विदर्भात आणि कर्नाटकात काम केलेले वनाधिकारी सांगतात. एक माणूस तासाभरात जेवढी कडा मोकळी करतो तेवढी करायला पूर्वी अख्खी तुकडी लागे. त्याची चर्चा कमी होते, कारण त्यात दाखवण्यासारखे काही नाही.

माणूस

८ एप्रिल २०२१. गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आग विझवायला गेलेले पथक डोंगराळ भागात होते. आग बरीचशी आवाक्यात आली होती. वाऱ्याने ती पुन्हा भडकली. तीन हंगामी वनमजूर जळून मेले, दोघे गंभीर भाजले. मरणारे तिघेही आसपासच्या गावांतले.

ही एकटी घटना नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये बंडीपुरात एक वनरक्षक गेला. फेब्रुवारी २०२० मध्ये केरळात त्रिशूर जिल्ह्यातल्या कोट्टंबत्तूरला तीन वॉचर गेले, फेब्रुवारी २०२३ मध्ये सकलेशपूरजवळ एक वनरक्षक, जून २०२४ मध्ये उत्तराखंडच्या बिनसर अभयारण्यात चार जण जागीच. राज्ये वेगळी, जंगले वेगळी. पण वर्णने वाचताना चढ, बदललेला वारा आणि मागे वाट नसणे या गोष्टी पुन्हा पुन्हा भेटतात.

अमेरिकेत वणव्यावरच्या निवडक पथकांना 'हॉटशॉट' म्हणतात. वीस जणांचे पथक, ठरलेले प्रशिक्षण, दोन तास कामामागे एक तास विश्रांतीचे प्रमाण, चौदा दिवसांची पाळी झाली की सक्तीची सुटी. आगीला हात लावण्यापूर्वी चार गोष्टी ठरल्याच पाहिजेत असा दंडक १९९१ पासून रुळला: टेहळणीला कोण, एकमेकांशी बोलायचे कसे, पळायची वाट कोणती आणि सुरक्षित जागा कुठे. शेवटचा उपाय म्हणून प्रत्येकाजवळ उष्णता परतवणारा छोटा तंबू असतो. तरीही ३० जून २०१३ रोजी ॲरिझोनात यार्नेल हिल इथे वारा फिरला आणि एकाच पथकातले १९ जण त्या तंबूंत मेले. साधने असली की मरण टळते, असे अमेरिकेचा अनुभव म्हणत नाही. तो एवढेच दाखवतो की तिथे अशा प्रत्येक मृत्यूची मिनिटामिनिटाची चौकशी होते, ती छापली जाते आणि पुढच्या पथकाला शिकवली जाते.

आपल्याकडे मनुष्यबळाबाबत तीन मते आहेत. एक, कायमस्वरूपी प्रशिक्षित अग्निपथके हवीत, राज्य आपत्ती दलांच्या धर्तीवर. गणवेश, बूट, विमा, निवृत्तिवेतन सगळे त्याबरोबर येईल. याला उत्तर असे की वणवा विखुरलेला असतो आणि पहिल्या तासाभरातच आवरावा लागतो. जिल्ह्याच्या ठिकाणाहून निघालेले पथक पोचेपर्यंत डोंगर गेलेला असतो. दोन, गावातलाच माणूस हवा, त्याला वाटा, पाणवठे आणि वाऱ्याची वेळ ठाऊक असते. त्याला फक्त नीट साधने आणि रोज द्या. यावर आक्षेप असा की 'स्थानिक ज्ञान' या शब्दाआड स्वस्त मजुरी लपते, आणि तीन-चार महिन्यांच्या रोजंदारीवर माणूस दरवर्षी तोच येईल याची हमी नसते. तीन, जबाबदारीच ग्रामसभांना द्यावी. जिथे वनहक्क मिळाले तिथे हे काही प्रमाणात घडतेही आहे, पण पाचगावची घडी प्रत्येक गावात बसेल असे कोणी छातीठोकपणे म्हणत नाही. तिन्ही मतांत तथ्य आहे. बंडीपुरासारख्या ठिकाणी व्यवहारात दुसरे मत चालते आणि मोठा वणवा लागला की बोलले जाते पहिल्याबद्दल.

आणखी एक बाजू अलीकडे पुढे आली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमनाच्या कामाचा समावेश कर्करोगकारक व्यवसायांत केला. त्यामागचे बहुतेक अभ्यास पाश्चात्त्य देशांतले आणि कायम नोकरीतल्या जवानांचे आहेत. आपला हंगामी मजूर तोंडाला ओला पंचा बांधून धुरात उतरतो, जूनमध्ये शेतावर परततो, आणि त्याचा खोकला कुठल्याच अग्निशमनाच्या नोंदवहीत येत नाही.

काय सुटलेले नाही

सौम्य आगीचा प्रश्न आता अडतो तो शास्त्राइतकाच कायद्यात. बिळिगिरी रंगन बेट्ट्यातल्या सोलिगांच्या ग्रामसभांना २०११ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. व्याघ्र प्रकल्पाच्या आत असे हक्क मिळण्याची ती पहिली ठळक घटना. त्या हक्कांत जंगलाचे व्यवस्थापन येते. व्यवस्थापनात 'तरगु बेंकी' येते का? वन्यजीव कायदा एक सांगतो, वनहक्क कायद्याचा अर्थ दुसरा लावता येतो. शिवाय घाणेरी आता इतकी दाट झाली आहे की आधी ती उपटल्याशिवाय सौम्य आग सौम्य राहीलच याची खात्री सोलिगा वडीलधारीही देत नाहीत. उत्तर ऑस्ट्रेलियात आर्नेम लँडमध्ये २००६ पासून आदिवासी रेंजर हंगामाच्या सुरुवातीला सौम्य आगी लावून उशिराच्या मोठ्या आगी कमी करत आले आहेत. ते उदाहरण इथे वारंवार दिले जाते. तिथला माळ विरळ वस्तीचा. बंडीपूरच्या काठाला गावे, उसाची शेते, रिसॉर्ट आणि महामार्ग चिकटलेले आहेत.

यशाचे माप काय, हेही ठरलेले नाही. जळालेले हेक्टर कमी झाले की अधिकाऱ्याला शाबासकी मिळते, त्यामुळे फेब्रुवारीतली हलकी आग आणि एप्रिलमधला वणवा अहवालात एकाच रकान्यात जातात. केंद्राच्या २०१८च्या राष्ट्रीय कृती योजनेत गावांचा सहभाग, प्रशिक्षण, साधने हे सगळे आहे. पण जंगलप्रकारानुसार कुठे किती आग चालेल, हा प्रश्न राज्यांच्या आराखड्यांवर सोडलेला आहे.

आणि एक अगदी व्यवहारातली अडचण. हंगामी मजुराला कामावर घेतले जाते ते हंगाम सुरू होताना. पळायची वाट कशी ठरवायची, ब्लोअरवाल्याच्या मागे किती अंतर ठेवायचे, वारा फिरला तर कोणाच्या शब्दाने माघार घ्यायची, हे शिकवायची वेळ डिसेंबर-जानेवारीची. तेव्हा तो हजेरीपटावर नसतो. त्या दोन महिन्यांचा रोज कोणत्या लेखाशीर्षातून द्यायचा, यावर बैठका झाल्या आहेत. प्रशिक्षणाच्या पुस्तिका तयार आहेत, ब्लोअरही आलेले आहेत. लेखाशीर्ष अजून बऱ्याच ठिकाणी ठरायचे आहे.